नदीची नोंदवही कोण लिहिणार? जैवविविधतेच्या आराखड्यात आपली जागा

दर वर्षी 1 जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने पेरणे फाट्याला जातो. विजयस्तंभाला मानवंदना देतो, पुस्तके घेतो, घरी येतो. स्तंभाजवळून भीमा वाहते. तिच्यात थोडे वर, तुळापूरला, इंद्रायणी मिळते. देहू आणि आळंदीजवळ पांढऱ्या फेसाचे फोटो ज्या नदीचे छापून येतात, तीच ही इंद्रायणी. तिच्यात पिंपरी-चिंचवडचे आणि चाकण-तळेगाव पट्ट्याचे सांडपाणी मिसळते. म्हणजे ज्या पाण्याकाठी आपण इतिहास आठवतो, त्या पाण्यात आपल्याच वस्त्यांच्या आणि आपण ज्या कारखान्यांत राबतो त्यांच्या नाल्यांचे पाणी असते. तरीही "नदी", "जैवविविधता", "पर्यावरण" हे शब्द निघाले की आपल्यातले बरेच जण म्हणतात, हा आपला विषय नाही. हा कोथरूड-औंधच्या लोकांचा, रविवारी दुर्बीण घेऊन पक्षी बघणाऱ्यांचा विषय.

आम्हीही काही वर्षांपूर्वीपर्यंत असेच म्हणत होतो. आता म्हणत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

सध्या जैवविविधतेचे आराखडे करण्याचा काळ आहे. 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी नवा करार केला. त्यानुसार भारताने 2024 मध्ये 23 उद्दिष्टांचा सुधारित राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. महाराष्ट्र सरकारने एप्रिल 2022 मध्ये "महाराष्ट्र जनुक कोश" प्रकल्पाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी 172 कोटी 39 लाख रुपये. स्थानिक पीकवाण, देशी जनावरे, गोड्या पाण्यातले जीव, गवताळ माळराने, सागरी जीव असे त्याचे विषय आहेत. सरकारने पैसा द्यायचा, संशोधन संस्थांनी काम करायचे, अशी ही भागीदारी. आपल्याच भागात इंद्रायणीतल्या माशांवर पुण्याच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि पन्नासहून जास्त जातींची नोंद केली. हे काम मोलाचे आहे. त्याची टिंगल करणारे आम्ही नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. सरकार आणि संशोधक मिळून एखाद्या प्रदेशाचा जैवविविधता आराखडा करतात, तेव्हा दोन बाजू बसलेल्या असतात. एकाकडे सत्ता, दुसऱ्याकडे पदवी. तिसरी बाजू कुठे आहे? ज्यांनी ही नदी, हे माळ आणि हे जंगल पोटासाठी ओळखले, आणि आराखडा अमलात आला की ज्यांच्या झोपडीवर पहिला बुलडोझर येतो, ते कुठे बसतात?

कायद्यात जागा आहे, पण रिकामी

मित्रांनो, ही जागा आपण मागून घ्यायची गरज नाही. ती कायद्यात होती.

जैविक विविधता कायदा 2002 चा. त्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची. समितीचे मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे. गावात कोणती झाडे, पिके, मासे, जनावरे आहेत, त्यांचा कोण कसा उपयोग करतो आणि त्याबद्दल कुणाला काय ठाऊक आहे, हे सगळे लोकांना विचारून लिहायचे. ही कल्पना ज्यांनी नव्वदच्या दशकात गावागावांतून रुजवली, ते शास्त्रज्ञ माधव गाडगीळ मूळचे पुण्याचेच.

2004 च्या केंद्रीय नियमांत या समितीची रचना स्पष्ट होती. एक अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य. त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातीचे. सहाचे 18 टक्के म्हणजे एकापेक्षा किंचित जास्त. काटेकोर हिशेब केला तर दोन होतात. पण "एक घेतला की झाले" असे म्हणणारे कारकून आपल्याला नवे नाहीत. एक धरा की दोन, जागा होती.

प्रत्यक्षात काय झाले? बरीच वर्षे देशभर बहुतेक समित्या नेमल्याच गेल्या नाहीत. 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका गेली. ऑगस्ट 2019 मध्ये लवादाने बजावले की 31 जानेवारी 2020 पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर प्रत्येक राज्याने महिन्याला 10 लाख रुपये भरावेत. मग एकच घाई सुटली. आज देशात अडीच लाखांहून जास्त नोंदवह्या कागदावर आहेत. जे काम लोकांत बसून ऋतुचक्राप्रमाणे वर्षभर करायचे, ते ठिकठिकाणी दंडाच्या धाकाने उरकले गेले.

चाकणच्या बाजूच्या एका गावात आम्ही अभ्यासवर्ग घेतो. तिथल्या मुलांनी ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही पाहायला मागितली. आधी "असे काही नसते" हे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला कपाटातून स्पायरल बांधणीची फाईल निघाली. झाडांची यादी होती, रंगीत फोटो होते. देवराई आणि मंदिराच्या डोहावर दोन पाने होती. बौद्धवस्ती, ठाकरवाडी, भोई यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. "माहिती देणारे ग्रामस्थ" या रकान्यात पाच नावे होती, पाचही गावकीतल्या मोठ्या घरांतली. समितीच्या यादीत मात्र आपल्या वस्तीतल्या एका मावशींचे नाव होते. आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सही घेतली होती बाई एकदा. कशाची ते काय सांगितलं नाही."

याच मावशींनी पुढे तासभर आम्हाला सांगितले की लहानपणी ओढ्याला कोणत्या महिन्यात खेकडे मिळायचे, मरळ कुठे बसायची, वाम कशी धरायची. कुर्डू, टाकळा, घोळ, पाथरी या भाज्या दुष्काळात कुणी कुठून आणल्या. कारखान्याची भिंत झाल्यावर कोणता पाणवठा बंद झाला. या माहितीला नोंदवहीत रकाना होता. विचारणारा आला नाही.

"आपण तर ते सोडून आलो"

इथे आपल्यातलाच एक साथी आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप खरा आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितले. गाव म्हणजे जातीचा कोंडवाडा. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, केरसुण्या बांधणे, दोर वळणे हे आपल्यावर लादलेले होते. ते टाकून आपण पिंपरीत आलो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये आली, मागोमाग चिंचवड-भोसरीचे कारखाने आले, 1972 च्या दुष्काळात मराठवाडा-सोलापूरकडून माणसे आली. कुणी ठेकेदाराकडे लागला, कुणी कायम झाला, मुले शिकली. आता पुन्हा "आमचे पारंपरिक ज्ञान" म्हणत त्याच कामांचा गौरव करायचा का?

नाही. गौरव करायचा नाही. पण नीट बघा. चामडे कमावायला तरवडाची आणि बाभळीची साल लागते. ती कोणत्या वयाच्या झाडाची, किती दिवस भिजवायची, हे रसायनशास्त्र होते. केरसुणीसाठी शिंदी आणि दोरासाठी घायपात कधी कापायचे म्हणजे झाड मरत नाही, हे वनस्पतिशास्त्र होते. ज्यांना शाळेच्या दारात उभे केले जात नव्हते, त्यांनी हे शास्त्र हातांनी शिकले. जातीने आपले श्रम फुकट घेतले आणि त्या श्रमातली बुद्धी नाकारली. काम सोडणे ही मुक्ती आहे. पण बुद्धी नाकारली गेली तो अन्याय अजून तसाच आहे, आणि तो नोंदवहीत पुन्हा होतो आहे.

म्हणून आमची भूमिका अशी: नोंदवहीत ज्ञान माणसाच्या नावाने लिहा, जातीच्या कामाच्या नावाने नको. अमुक आजीला हे ठाऊक आहे, असे लिहा. "अमुक समाज हे काम करतो" असे लिहिले, तर नोंदवहीच नवी बलुत्याची यादी होईल.

लिहिलेले आणि न लिहिलेले

हा मुद्दा केवळ मानाचा नाही, पैशाचाही आहे. एखाद्या कंपनीने वनस्पती किंवा पारंपरिक ज्ञान वापरून नफा कमावला, तर स्थानिक लोकांना वाटा द्यावा, हे या कायद्याचे तत्त्व. डिसेंबर 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात सांगितले की भारतीय कंपन्यांनाही हा वाटा द्यावा लागेल. मग 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. दुरुस्तीने "संहिताबद्ध पारंपरिक ज्ञाना"ला सवलत दिली. म्हणजे जे ज्ञान ग्रंथांत लिहिलेले आहे, त्याच्या वापरावर वाटा देण्याचे बंधन उरले नाही. कायदा मोडला तर तुरुंगवासाची तरतूद होती, तीही गेली. आता फक्त आर्थिक दंड.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे थांबावे लागते. या देशात ग्रंथ लिहिण्याचा अधिकार कुणाला होता? रानातली मुळी ओळखणारा वैदू, कातकरी किंवा सुईण ग्रंथ लिहीत नव्हती. त्यांच्याकडून ऐकलेले कधीतरी कुणीतरी ग्रंथात घातले, आणि ते ग्रंथवाल्यांचे झाले. आता कायदा म्हणतो, ग्रंथातले आहे, कुणाला काही देणे लागत नाही. ज्यांना लिहू दिले नाही त्यांचे ज्ञान आधी लिहिणाऱ्यांचे झाले, मग कंपन्यांना मोकळे झाले. जातिव्यवस्था अशीही काम करते, कुणाला शिवी न देता.

आणखी एक खाच आहे. वैदू आणि कितीतरी भटके-विमुक्त समाज महाराष्ट्रात अनुसूचित जाती-जमातीत मोडत नाहीत. म्हणजे 18 टक्क्यांतही ते नाहीत. ज्यांची ओळखच औषधी मुळ्यांवरून आहे, त्यांना समितीत हक्काची जागा नाही. त्यांच्यासाठी आपणच बोलले पाहिजे.

नदी एक, मालक दहा

आराखडा "प्रादेशिक" का हवा, हेही समजून घेऊ. पवना, इंद्रायणी आणि भामा या तीन नद्यांचे खोरे घ्या. यात पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आहे, देहूरोड कँटोन्मेंट आहे, तळेगाव, आळंदी, चाकण या नगरपरिषदा आहेत, देहूची नगरपंचायत आहे, मावळ-खेडच्या ग्रामपंचायती आहेत, वर पीएमआरडीए आहे. कारखान्यांच्या जमिनीचे नियोजन एमआयडीसीकडे, प्रदूषणाचे नियंत्रण मंडळाकडे, धरणाचे पाणी जलसंपदा खात्याकडे, टेकड्या वनखात्याकडे. कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेची समिती वेगळी, नोंदवही वेगळी. एमआयडीसी स्थानिक स्वराज्य संस्था नाही, त्यामुळे तिच्यावर समितीचे बंधनच नाही. मासा कुरवंड्याहून तुळापूरपर्यंत एकाच पाण्यात जगतो आणि मरतो. कागदावर त्याचे दहा तुकडे होतात. फेस कुणाचा, यावर प्रत्येक जण वरच्या गावाकडे बोट दाखवतो.

नदीचे खोरे हा नियोजनाचा एकच घटक मानावा, हा विचार आपल्याला परका नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या खात्याने पुढे नेली. पूर, सिंचन, वीज यांचा विचार प्रांतांच्या हद्दी ओलांडून खोऱ्याच्या पातळीवर करायचा, हे तिचे सूत्र होते. 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला तोही त्याच खात्यात. धरणांच्या त्या वाटेने पुढे किती आदिवासी उठवले गेले, हेही आपण विसरता कामा नये. पण हद्दींत तुकडे झालेली नदी कुणाचीच राहत नाही, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

आधी कोण हटणार?

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत चार हजारांहून जास्त बांधकामे पाडली गेली. भंगाराची गोदामे, छोटे कारखाने. मे 2025 मध्ये चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले 36 बंगले हरित लवादाच्या आदेशाने पाडले. कुणी म्हणेल, बघा, गरीब-श्रीमंत दोघांचे पाडले, न्याय समान.

कुदळवाडीत प्रदूषण नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. तिथे आगी लागत होत्या आणि रसायनाचे पाणी नाल्यात जात होते. पण बंगला गेला तर बिल्डरने फसवलेला माणूस न्यायालयात जातो. भंगारावर पोट असलेला कामगार कुठे जातो? शहराचा कचरा वेचून, वेगळा करून नदीत जाण्यापासून वाचवणाऱ्या स्त्रियांत सर्वाधिक आपल्या आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून हेच सांगत आली आहे. कचरावेचक ही पर्यावरणाची कामगार आहे. जैवविविधतेच्या आराखड्यात तिचा उल्लेख "अतिक्रमण" म्हणून होणार की "सहभागी" म्हणून, हे आराखडा लिहिणाऱ्यांत कोण बसले आहे यावर ठरेल.

गायरानाचेही तसेच. 6 डिसेंबर 1964 ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. आज संशोधक म्हणतात, माळरान पडीक नसते, तिथे लांडगा, खोकड आणि गवताच्या कितीतरी जाती असतात. ते खरे आहे. पण ज्या माळावर भूमिहीनांचा दावा आहे, तिथे उद्या संवर्धनाची पाटी लागली आणि शेजारचा माळ कारखान्याला गेला, तर आपण दोन्हीकडून हरलो. हा तंटा समितीच्या बैठकीत, दोघांना समोर बसवून सोडवायचा आहे.

लोकांना न विचारता पाण्याचा निर्णय घेतला की काय होते, ते मावळाने पाहिले आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना बंद जलवाहिनीच्या विरोधात बऊरला रस्त्यावर उतरलेल्या तीन शेतकऱ्यांचा पोलीस गोळीबारात जीव गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल सादर केला. ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, असे तो सांगत होता. पुढे दुसरी समिती नेमली गेली आणि संरक्षणाचा भाग सुमारे 37 टक्क्यांवर आला. संशोधक आणि सरकार यांचे सहकार्य म्हणजे काय, हे यातून कळते. संशोधकाने सरकारला हवे ते सांगितले तर सहकार्य, नको ते सांगितले तर नवी समिती. त्याच्यामागे लोक उभे असते, तर असे सहज झाले नसते. म्हणून प्रामाणिक संशोधकांनाही आपली गरज आहे.

आमच्या मागण्या

2023 च्या दुरुस्तीनंतर समितीत 7 ते 11 सदस्य असतील आणि रचना ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यामुळे आत्ता बोलले पाहिजे.

पहिली, राज्याच्या नियमांत अनुसूचित जाती-जमातींच्या जागा किमान दोन असाव्यात आणि भटक्या-विमुक्तांची एक वेगळी जागा असावी. दुसरी, पवना-इंद्रायणी-भामा खोऱ्यासाठी सर्व समित्यांची एक संयुक्त परिषद असावी. तीत एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने उत्तर देण्यासाठी बसावे. तिसरी, संशोधकांनी गोळा केलेली माहिती मराठीत गावाला परत द्यावी. माहिती देणाऱ्याची संमती घ्यावी आणि नाव लिहावे. चौथी, आराखड्यात कामांचा क्रम लिहावा: आधी कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी, नंतर सुशोभीकरण. वस्ती हलवायचीच असेल तर आधी पर्यायी घर आणि रोजगार.

आपण काय करायचे

सरकारची वाट बघत बसू नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. आपल्या ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला किंवा महापालिकेला चार गोष्टी विचारा: समितीत कोण आहे, बैठका किती झाल्या आणि इतिवृत्त काय, नोंदवहीची प्रत, ती तयार करायला कुणाला किती पैसे दिले. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नोंदवही मिळाली की ग्रामसभेत ती मोठ्याने वाचायची मागणी करा. काय राहिले ते वस्तीतल्या आजी-आजोबांना विचारून लिहा. आपल्यात बीएस्सी, एमए झालेली मुले-मुली कमी नाहीत. गावाच्या समितीला तंत्रसाहाय्य लागते, ते आपण देऊ. संशोधक आपल्यातूनच का नसावा?

25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. ते ठिकाण याच पट्ट्यात आहे. ज्या सम्राट अशोकाचे चक्र आपण मानतो, त्याच्या पाचव्या स्तंभलेखात न मारायच्या प्राणी-पक्ष्यांची यादी कोरलेली आहे. जिवांची नोंद ठेवणे आपल्या परंपरेत आहे, ते कुणाकडून उसने घ्यायचे नाही.

शेवटी महाडची आठवण. 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले होते. पण 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत ओंजळीत पाणी आले नव्हते. समितीतली आपली जागा आज त्या ठरावासारखी आहे. मावशींची सही आहे, मावशी नाहीत. पुढच्या ग्रामसभेला मावशींसोबत आम्ही जाणार आहोत. तुम्ही तुमच्या गावात, तुमच्या प्रभागात जा.

जय भीम.